कोरड्या विहिरीत दगड उचलून ठेवून रात्रीपुरती वीज साठवता येईल का?

माणदेशी

सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे आणि बागेच्या कडेला आजोबांनी खोदलेली एक विहीर आहे. तिची खोली सुमारे ५० फूट आणि व्यास २० फूट असून पावसाळ्यानंतरचे दीड-दोन महिने वगळता ती कोरडी असते. वस्तीवरच्या घरात रात्रीच्या विजेचा भरवसा नसल्यामुळे आम्ही छपरावर दोन सौर पॅनेल बसवून इन्व्हर्टर घेतला, पण सहा वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. पहिल्या बॅटरीत पाणी भरायचे राहिले, हा दोष सर्वस्वी माझा आहे. दुसरी पत्र्याच्या खोलीतल्या उन्हाळ्याने गेली असावी.

तिसरी बॅटरी घेण्याआधी एक कल्पना डोक्यात घोळते आहे. लहानपणी मी मोट चालताना पाहिली आहे. भरलेली मोट वर यावी म्हणून बैल धावेवरून खाली उतरत जात आणि त्यांचे स्वतःचे वजनही नाडा ओढायला उपयोगी पडे. मग याच्या उलट का करू नये, असा विचार आला. विहीर खोदताना निघालेला काळ्या पाषाणाचा एक चौकोनी दगड काठावर पडून आहे. तो सुमारे दोन फूट रुंद, दोन फूट उंच आणि तीन फूट लांब आहे. दिवसा पॅनेलच्या विजेवर मोटर चालवून तो तळातून वर ओढायचा आणि रात्री सावकाश खाली सोडून त्याच्या दोराने जनित्र फिरवायचे, अशी ही योजना आहे. दगड कितीही वर्षे ठेवला तरी खराब होणार नाही आणि त्यात पाणीही भरावे लागणार नाही.

घरात रात्री नऊ वॅटचे दोन दिवे आणि ५० वॅटचा एक टेबलफॅन आठ तास चालावा, एवढीच अपेक्षा आहे. तो दगड नुसता बाजूला सरकवायला आम्हाला सहा माणसे आणि चार पहारी लागल्या होत्या, त्यामुळे तो ५० फूट वर चढवला तर निदान एक युनिट तरी त्यात साठेल, असा माझा अंदाज आहे. तो कितपत बरोबर आहे, आणि उचलायला शेजाऱ्याकडची दोन टनी चेन पुली वापरता येईल का, हे जाणकारांनी सांगावे. यापूर्वी कोणी असे काही केले असेल तर तेही कळावे.

निवृत्त मास्तर

आपली कल्पना तत्त्वतः निर्दोष आहे, हे आधी सांगतो, कारण अशा प्रश्नांत बहुधा कुठेतरी फुकटची ऊर्जा दडवलेली असते आणि ती शोधून काढण्यातच उत्तर देणाऱ्याचा वेळ जातो. आपण तसे काही केलेले नाही. दिवसा घातलेली ऊर्जा रात्री परत मागता आहात आणि त्यात घट येणार, हेही आपण गृहीत धरले असावे. अडचण आहे ती प्रमाणाची.

आपल्या दगडाचे आकारमान १२ घनफूट, म्हणजे सुमारे ०.३४ घनमीटर होते. आपल्याकडचा पाषाण पाण्याच्या जवळजवळ २.९ पट जड असतो, म्हणून दगडाचे वजन एक टनाच्या आसपास भरेल. एक टन वजन १५ मीटर उचलले तर त्यात साठणारी ऊर्जा वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतकी असते. १,००० गुणिले ९.८१ गुणिले १५ म्हणजे सुमारे १ लाख ४७ हजार जूल. आकडा मोठा दिसतो, पण विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणून आपल्या दगडात साठते ते केवळ ०.०४१ युनिट. एक अख्खे युनिट साठवायचे तर हाच दगड ३६७ मीटर उचलावा लागेल, किंवा याच विहिरीत असे साडेचोवीस दगड टांगावे लागतील, आणि तेही यंत्रात काहीच वाया जात नाही असे मानून.

सहा माणसे आणि चार पहारी लागल्या, त्यावरून आपण ऊर्जेचा अंदाज बांधलात, आणि तिथेच गफलत झाली. जड वाटणे हे बलाचे मोजमाप आहे. ऊर्जा मोजताना त्या बलाने किती अंतर कापले, हेही पाहावे लागते. वर्गात मी मुलांना वेगळे उदाहरण देत असे. साठ किलो वजनाच्या माणसाने समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या शिखरापर्यंत, म्हणजे १,६४६ मीटर, उभे चढायचे ठरवले, तर पावणेचार वेळा चढल्यावर त्याने एका युनिटाइतके काम केले असे होते. पोरांना ते खरे वाटत नसे. एका युनिटासाठी आपण मोजतो ते थोडे रुपये आणि कळसूबाई पावणेचार वेळा चढण्याचा घाम यांचा मेळ मनात बसायला वेळ लागतो.

आता आपली गरज पाहू. दोन दिवे आणि पंखा मिळून ६८ वॅट, आठ तासांत ५४४ वॅट-तास, म्हणजे सव्वापाच दशांश युनिटाहून थोडे अधिक. त्यासाठी १५ मीटर खोलीला १३ टनांहून अधिक वजन लागेल. उतरवताना निम्मी ऊर्जा घर्षणात आणि जनित्रात गेली, असे धरले (माझ्या मते हे उदार गृहीतक आहे), तर २६-२७ टन लागतील. आपला एक टनाचा दगड हे सगळे आदर्श स्थितीतही ३६ मिनिटेच चालवील. मात्र फक्त एक नऊ वॅटचा दिवा लावला तर आदर्श स्थितीत साडेचार तास मिळतात, म्हणजे कल्पना अगदीच टाकाऊ ठरत नाही. पंख्याने तिचा घात केला आहे.

जी बॅटरी आपण टाकून दिलीत ती १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची असेल, तर तिच्यात पूर्ण भरल्यावर १.८ युनिटे असतात. तिचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मीच वापरली तरी ०.९ युनिट मिळते, आणि तेवढ्यासाठी आपल्या विहिरीत २२ टन दगड टांगावे लागतील.

लेथवाला

मास्तरांच्या हिशेबात माझ्याकडून काही भर घालण्याची गरज नाही, परंतु आपण प्रत्यक्ष यंत्र करायला बसलात तर पहिली अडचण कुठे येईल, ते सांगतो. इचलकरंजीत माझे बत्तीस वर्षे गिअर कापण्याचे काम झाले आहे.

चेन पुली या कामाला चालणार नाही. ती ओढण्याची साखळी हातातून सुटली तरी वजन खाली येऊ नये, म्हणून तिच्या आत घर्षणाचा ब्रेक असतो आणि टांगलेले वजनच तो ब्रेक आवळून धरते. तिच्यावर टांगलेला दगड आपणहून खाली येऊन जनित्र फिरवील, हे होणारच नाही, आणि झाले तर ती पुली बिघडलेली आहे असे समजून लांब उभे राहावे. जास्त गुणोत्तराच्या वर्म गिअरबॉक्सची गतही तशीच आहे. वर्म चाकाला फिरवतो, पण चाक वर्मला उलटे फिरवू शकत नाही. भंगार बाजारात स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळ जण प्रयोगासाठी वर्म गिअरबॉक्स आणतात आणि शाफ्ट का फिरत नाही म्हणून डोके धरून बसतात.

आता वेगाचे पाहा. दगड १५ मीटर उतरायला दहा तास लागावेत असे धरले, तर तो तासाला दीड मीटर उतरेल. दोर ज्या ड्रमवर गुंडाळायचा तो ३० सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर त्याचा घेर ९४ सेंटीमीटर होतो, म्हणजे ड्रम तासाला सुमारे १.६ फेरे घेईल. याउलट सर्वसाधारण जनित्राला मिनिटाला १,५०० फेरे हवेत. हे गुणोत्तर ५६ हजारांच्या घरात जाते. पंधरास एक असे चार टप्पे एकापुढे एक जोडले तरी ५०,६२५ पर्यंतच पोचता येते.

ड्रमवर बल भरपूर आहे, सुमारे १,४७० न्यूटन-मीटर, म्हणून पहिला गिअर आणि त्याचा शाफ्ट चांगला जाडजूड करावा लागेल. पण ५६ हजारांनी भागल्यावर जनित्राच्या शाफ्टपर्यंत ०.०२६ न्यूटन-मीटर उरतात. बोटाच्या चिमटीने हलकेच फिरवावे, एवढेच ते बल आहे. मोटारीच्या अल्टरनेटरला बेअरिंग, सील आणि ब्रश यांचे घर्षण मोडायलाच याहून जास्त लागते. म्हणजे एक टन दगड दोराला लटकत राहील आणि जनित्र जागचे हलणारही नाही. पंखाही चालवायचा म्हणून दगड ३६ मिनिटांत उतरवलात, तर गुणोत्तर साडेतीन हजारांच्या आत येते आणि यंत्र निदान फिरेल तरी, पण मग दर अर्ध्या तासाने नवा दगड लावायला माणूस बसवावा लागेल.

माणदेशी

मास्तर आणि लेथवाले, दोघांचेही मनापासून आभार. एका युनिटाला ३६७ मीटर हा आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे. चेन पुलीचे आधी कळले हे फार बरे झाले, कारण ती मी या रविवारी आणणार होतो.

त्या आकड्यावरून रात्री आणखी एक विचार सुचला. वजन वाढवणे अवघड असेल तर उंची वाढवावी. आमच्या रानात तीन बोअर मारून कोरड्या गेल्या आहेत आणि त्यांतली एक ८०० फुटांची आहे. विहिरीच्या सोळा पट खोली आमच्याकडे आधीच खोदून पडलेली आहे, आणि तिचे पैसे केव्हाच बुडाले आहेत. बोअरचा व्यास साडेसहा इंच आहे. त्यात दगड मावणार नाही, पण लोखंडी गोल सळई मावेल. चार इंच व्यासाची आणि वीस फूट लांबीची सळई सोडली, तर तिच्यात किती ऊर्जा साठेल?

दुसरे असे की, विहिरीत पाणी असते त्या दोन महिन्यांत दगडाऐवजी बंद पिंप पाण्याखाली ओढून धरले आणि रात्री वर येऊ दिले, तर पाण्याचा जोर वापरता येईल का?

निवृत्त मास्तर

बोअरची कल्पना वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि मला कबूल केले पाहिजे की ती मला आधी सुचली नव्हती. दहा सेंटीमीटर व्यासाच्या आणि सहा मीटर लांबीच्या सळईचे आकारमान ०.०४७ घनमीटर होते आणि तिचे वजन ३७० किलोच्या आसपास भरते. ती २४० मीटर उतरली तर ८ लाख ७१ हजार जूल, म्हणजे ०.२४ युनिट मिळते. आपल्या एक टनी दगडाच्या जवळजवळ सहापट, आणि तेही त्याच्या दोन-पंचमांशाहून कमी वजनात. निम्मी घट धरली तरी दोन दिवे साडेसहा तास जळतील. पंखा मात्र इथेही बसत नाही.

बोअरच्या तळाशी पाणी असेल तर तेवढ्या अंतरात सळईचे परिणामी वजन सुमारे आठव्या हिश्श्याने घटेल, कारण लोखंड पाण्याच्या पावणेआठ पट जड आहे.

पिंपाचा प्रश्न दिसतो वेगळा, पण उत्तर तेच आहे. पिंप खाली ओढताना तेवढ्याच आकारमानाचे पाणी वर चढते आणि पिंप वर येताना ते पाणी खाली उतरते, म्हणजे उचलले जाते ते पाणीच. एक घनमीटरचे पिंप १५ मीटर खाली नेले तर एक टन पाणी १५ मीटर चढले, आणि हिशेब पुन्हा १ लाख ४७ हजार जुलांवर येऊन थांबतो. शिवाय एवढा जोर खालून वर लागत असल्याने तळाला कप्पी टिकवण्यासाठी एक टनाचा नांगर पुरावा लागेल.

लेथवाला

बोअरचे यंत्र मला विहिरीच्या यंत्रापेक्षा पुष्कळ पटते. आठ तासांत २४० मीटर म्हणजे तासाला ३० मीटर. त्याच ड्रमला तासाला ३२ फेरे पडतात आणि गुणोत्तर २,८०० वर येते. जुन्या यंत्रांतून निघालेल्या दोन हेलिकल गिअरबॉक्स एकापुढे एक जोडून एवढे साधता येईल. मिनिटाला दोन-तीनशे फेऱ्यांवर चालणारे कायम चुंबकाचे जनित्र मिळाले, तर एक गिअरबॉक्सही पुरेल.

पण दोराचा विचार करा. आठ मिलिमीटरचा वायररोप २४० मीटर घेतला, तर त्याचेच वजन ५५-६० किलो होते. ३० सेंटीमीटर रुंदीच्या ड्रमवर त्याचे सहा-सात थर बसतील, आणि वरचा थर खालच्या दोन वेढ्यांमध्ये रुतला की उतरताना झटके बसतात. बोअर सरळ नसते, हे ज्याने बोअरमधून पंप काढला आहे त्याला ठाऊक असते. केसिंग पाइप फक्त वरच्या मुरमापर्यंत असतो आणि खाली उघडा खडक असतो. वीस फुटांची ताठ सळई अशा भोकात एखाद्या बाकावर अडकली, की वरचा दोर सैल पडतो, आणि मग ती एकदम सुटली की दोराला जो हिसका बसतो तो ३७० किलोंच्या कितीतरी पट असतो. म्हणून सळई एकसंध न घेता चार-चार फुटांचे तुकडे मध्ये बिजागरी देऊन जोडावे, असे मला वाटते. तरीही ती अडकेल तेव्हा काय करायचे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. बोअरमध्ये अडकलेला पंप काढणारे लोक मिळतात, पण त्यांचे बिल पाहून बॅटरी स्वस्त वाटू लागेल.

घाटमाथा

मी जलविद्युत प्रकल्पांच्या कामात बरीच वर्षे होते, त्यामुळे "यापूर्वी कोणी असे केले आहे का" या राहून गेलेल्या प्रश्नाचे उत्तर देते.

आपल्याच राज्यात हे मोठ्या प्रमाणावर केले जाते. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २५० मेगावॅटचा आहे. वरचा जलाशय घाटमाथ्यावर अकोले तालुक्यात, तर खालचा कड्याच्या पायथ्याशी शहापूर तालुक्यात चोंढे येथे आहे आणि दोहोंच्या पातळ्यांत सुमारे चारशे मीटरचा फरक आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे, हेच त्याचे काम. माणदेशी यांचा दगड तो हाच, फक्त तो पाण्याचा आहे. चारशे मीटर उंचीवर एक घनमीटर पाण्यात एका युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा असते, म्हणून २५० मेगावॅट निर्माण करायला दर सेकंदाला सुमारे ७० घनमीटर पाणी सोडावे लागते. दहा हजार लिटरचे सात टँकर दर सेकंदाला सह्याद्रीच्या कड्यावरून रिते करत राहायचे, असे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे गुरुत्वाकडून काम करून घ्यायचे तर केवढे वजन लागते, ते कळते. हे परवडते ते कडा निसर्गाने दिला आहे आणि पाणी पावसाने, म्हणून. वजनाला आणि उंचीला पैसे मोजावे लागले असते, तर घाटघर उभे राहिले नसते.

घन वजनाचे प्रयोगही झाले आहेत. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळ लीथ बंदरात ग्रॅव्हिट्रिसिटी या कंपनीने २०२१ साली १५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात २५-२५ टनांची दोन वजने टांगून २५० किलोवॅटचे प्रात्यक्षिक केले. माणदेशी यांच्या विहिरीइतकीच ही उंची, म्हणून मास्तरांचाच हिशेब इथे लावून पाहा. ५० टन वजन पूर्ण १५ मीटर उतरले असे मानले तरी त्यात अवघी दोन युनिटे साठतात, आणि २५० किलोवॅटने ती अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात. त्यांना रात्रभर दिवे लावायचे नव्हतेच. विद्युत जाळ्यात अचानक तूट आली तर क्षणार्धात वीज पुरवता येते, हे त्यांना दाखवायचे होते, आणि भविष्यात अशी वजने जुन्या खाणींच्या शेकडो मीटर खोल कूपकांत टांगावीत अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे विहिरीवरून बोअरवर जाताना माणदेशी यांनी जी उडी मारली, तीच त्यांनीही मारली. चीनमध्ये शांघायजवळ रुडोंग येथे याच तत्त्वावर १०० मेगावॅट-तास साठवणारी इमारत उभारली आहे. शंभर मीटर उंची धरली तर एवढ्या साठवणीला सुमारे ३ लाख ६७ हजार टन वजन लागते, हे कोणालाही कागदावर करून पाहता येईल.

आणि अगदी लहान टोकाला, २०१२ साली लंडनच्या दोन अभिकल्पकांनी ग्रॅव्हिटीलाइट नावाचा दिवा लोकांपुढे आणला होता. त्यात १२ किलोची पिशवी १.८ मीटर वर चढवली की दिवा सुमारे वीस मिनिटे लागे. पिशवीत साठतात २१२ जूल, म्हणजे वीस मिनिटांना सरासरी ०.१८ वॅट. रॉकेलच्या चिमणीशी तुलना केली तर तो उजेड उपयोगाचा होता, पण त्यावर पंखा फिरण्याचा प्रश्नच नव्हता.

माझा व्यावहारिक सल्ला मागितलेला नाही, तरी देते. आपल्या शेतात सगळ्यात जास्त वीज पंप खातो. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला ३.७ युनिटे घेतो, आणि तेवढी ऊर्जा विहिरीत साठवायची तर ९१ टन दगड लागतील. म्हणून दिवसा ऊन असताना पाणी शेततळ्यात चढवून ठेवणे हीच आपली खरी साठवण आहे. त्या पाण्याची पुन्हा वीज करण्याच्या फंदात पडू नये. एक हजार घनमीटर पाणी पाच मीटर उंचावर असले, तर लहान टर्बाइनच्या तोट्यानंतर सहा-सात युनिटे हाती येतील आणि पाणी खाली जाऊन बसेल. त्यापेक्षा तो दाब ठिबकला मिळू द्या, तेवढाच पंपाचा भार हलका होईल. घरातल्या दिव्यांसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची लहान बॅटरी घ्या. तिच्यात पाणी भरावे लागत नाही, फक्त ती पत्र्याखाली ठेवू नका. १२.८ व्होल्टची २० अँपिअर-तासांची बॅटरी ०.२५ युनिट साठवते, म्हणजे ३७० किलोची सळई २४० मीटर उचलण्याइतके. तिचे वजन तीन किलोच्या आतबाहेर असते. पंखाही चालवायचा असेल तर ६० अँपिअर-तासांची घ्यावी.

परभणीकर

मी यंत्रज्ञ नाही, म्हणून दोनच गोष्टी लिहितो, पण त्या वाचल्याशिवाय कोणी कामाला हात घालू नये.

वापरात नसलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि विषारी वायूही साचलेला असू शकतो. कप्पी बसवायला किंवा अडकलेला दोर सोडवायला एक जण उतरतो, तो बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही, अशा बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. तळाशी माणूस उतरवावा लागेल अशी कोणतीही रचना करू नये. दुसरे म्हणजे, सोडून दिलेल्या बोअरवेल माती-वाळूने जमिनीच्या पातळीपर्यंत बुजवाव्यात, असे निर्देश लहान मुले त्यांत पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेले आहेत. प्रयोगासाठी बोअर उघडी ठेवायची म्हणजे तिच्यावर रात्रंदिवस झाकण आणि कुंपण आले.

एक शंकाही आहे. एक टन दगडातली ऊर्जा पंख्याला अर्धा-पाऊण तास पुरते, तर मग दोर तुटला तर इतके भ्यायचे कशाला?

निवृत्त मास्तर

शंका रास्त आहे. दोर तुटला तर तो दगड तळाशी पोचताना ताशी सुमारे ६२ किलोमीटर वेगात असेल. ऊर्जा तीच १ लाख ४७ हजार जूल, पण पंख्याला ती ३६ मिनिटांत वाटून मिळते आणि विहिरीच्या तळाला ती क्षणाच्याही लहान अंशात मिळते. एक टनाची मोटार ६२ च्या वेगाने भिंतीवर आदळण्यासारखेच आहे ते. पाऊण लिटर तूप महिनाभर वरणभातावर घेणे आणि एका दमात पिणे, यांत जो फरक आहे तोच हा.

माणदेशी

सगळ्यांचे वाचून निर्णय घेतला आहे. घरासाठी ६० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी घेतो आणि ती माजघरात ठेवतो. ८०० फुटांच्या बोअरवर काल झाकण बसवून चार दगड ठेवले असून, ती पुढच्या आठवड्यात बुजवून घेणार आहे. बिजागरीची सळई मनातून जात नाही, हे मात्र खरे.

धाकट्या मुलीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हेच मांडायचे आहे. पाण्याच्या टाकीचा लोखंडी मनोरा दहा मीटर उंच आहे. त्यावरून ५० किलोचे वाळूचे पोते उतरवून एखादा छोटा एलईडी लावावा आणि शेजारी जूल, युनिट आणि कळसूबाई यांचा तक्ता लावावा, असे ठरले आहे. माझ्या हिशेबाने पोत्यात ४,९०५ जूल साठतात. एक-तृतीयांश हाती आले तर अर्ध्या वॅटचा एलईडी ५४ मिनिटे लागायला हवा. लेथवाले, यासाठी जनित्र म्हणून काय वापरावे?

लेथवाला

हिशेब बरोबर आहे, पण एक-तृतीयांश मिळेल असे धरून मुलीला तक्ता रंगवायला सांगू नका, आधी मोजून पाहा. भंगारातल्या प्रिंटरची स्टेपर मोटर घ्या. ती कमी वेगातही पुरेसा व्होल्टेज देते आणि तिला ब्रश नसतात, फक्त पुढे चार डायोडचा ब्रिज लावावा लागेल. पोत्याचा दोर थेट मोटरवर घेऊ नका. जुन्या सायकलचे मागचे चाक टायर काढून आडव्या चौकटीत बसवा, त्याच्या हबवर दोर गुंडाळा आणि रिमवरून पट्टा काढून तो मोटरच्या लहान पुलीवर घ्या. एका टप्प्यात तीस-चाळीसचे गुणोत्तर मिळेल, पण ते पुरणार नाही, म्हणून तसेच दुसरे चाक मध्ये घालावे लागेल. पोत्याखालची जागा दोरी बांधून मोकळी ठेवा, आणि हबला आधीच एक ब्रेकची पट्टी लावा, कारण पट्टा निसटला की पोते कोणाची वाट पाहत नाही. चाकांचे आडवे-उभे माप पाठवलेत तर पुली इकडे कापून ठेवतो.